पुस्तकांची यादी पाहून विषय बदलायचा का?

‘मॅडम, मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र हा मुख्य विषय. सेमिस्टर सुरू होताना सहा पुस्तकांची यादी मिळाली, आणि सगळी नव्या आवृत्तीचीच हवीत असं सांगितलंय. एका विषयाच्या असाइनमेंट वेबसाइटवर द्यायच्या असतात. तिचा कोड नव्या पुस्तकासोबत येतो, आणि त्या असाइनमेंटना इंटर्नलचे मार्क आहेत. मी आतापर्यंत एकच पुस्तक घेतलंय. बाकीच्यांचं मैत्रिणींच्या पुस्तकांचे फोटो काढून भागवते. संध्याकाळी दोन शिकवण्या घेते, परत आले की डोळे मिटतात. एकदा सर वर्गात म्हणाले, “ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांनी पुढे बसू नये.” तेव्हापासून मी मागेच बसते. घरी काही सांगितलेलं नाही, कारण फी भरतानाच बाबांची ओढाताण झाली होती. लायब्ररीत भौतिक रसायनशास्त्राचं एक जाड पुस्तक आहे, ते घरी देत नाहीत. परवा ते वाचत बसले आणि लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली ते कळलंच नाही. पण असं किती दिवस चालणार? कमी पुस्तकं लागतील असा एखादा विषय घेऊ का? की एक वर्ष थांबून, नोकरी करून पैसे साठवू?’

तुझं पत्र वाचून मला आधी त्या सरांचा राग आला. असं वाक्य बोलणारा पाच मिनिटांत विसरतो आणि ऐकणारी वर्षभर मागच्या बाकावर बसते. त्यांच्याकडे तुला जायचंच आहे, ते पुढे सांगते.

आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. विषय बदलू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. जाडजूड, रंगीत, दर तीन-चार वर्षांनी नव्या आवृत्तीत निघणारी पुस्तकं बहुतेक सुरुवातीच्या विषयांचीच असतात, कारण विद्यार्थी तिथेच सगळ्यात जास्त. पुढच्या वर्षांत प्रयोगशाळा, शोधनिबंध आणि शिक्षकांच्या नोट्स यांवर जास्त भर येतो. म्हणजे यादीचं जे ओझं तुला आत्ता दिसतंय ते सगळी वर्षं असंच राहणार नाही. आणि एक वर्ष थांबणं? घरावर कर्ज असेल, कोणी आजारी असेल, तर त्याचा विचार वेगळा करू. पण फक्त सहा पुस्तकांसाठी एक अख्खं वर्ष देणं हा फार महागातला सौदा आहे. अभ्यासाची लय तुटते, आणि परत प्रवेशाचे नियम कुठे काय असतील ते वेगळंच.

ही पुस्तकं एवढी महाग का, हे समजून घे, म्हणजे स्वतःला कमी लेखणं थोडं थांबेल. पुस्तक निवडतात शिक्षक आणि पैसे मोजतो विद्यार्थी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला निवडणाऱ्याचं काय जातं? अनेक शिक्षकांकडे पुस्तकाची प्रत प्रकाशकाकडून भेट येते, त्यामुळे किंमत त्यांनी बऱ्याचदा पाहिलेलीही नसते. अमेरिकेतल्या सरकारी आकडेवारीनुसार जानेवारी 2006 ते जुलै 2016 या काळात तिथली सर्वसाधारण महागाई 21 टक्क्यांनी वाढली, कॉलेजची फी 63 टक्क्यांनी आणि कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती 88 टक्क्यांनी. तिथे 2008 साली कायदा करून प्रकाशकांना सांगावं लागलं की शिक्षकांना पुस्तक सुचवताना किंमत सांगा, आधीच्या आवृत्तीच्या तुलनेत नेमकं काय बदललं ते सांगा, आणि कोड-सीडी वगैरे जोडलेलं असेल तर पुस्तक सुटंही विका. असा कायदा करावा लागला यावरूनच समज, की हे आपणहून कोणी सांगत नव्हतं.

तेव्हा तुझ्या सरांना किंमत ठाऊक नसण्याची बरीच शक्यता आहे.

आता ‘नवी आवृत्तीच हवी’ या वाक्याकडे वळते. कॉलेजात मीही यावर विश्वास ठेवला होता. पहिल्या वर्षी एक कोरं पुस्तक घेतलं, कव्हर घातलं, नाव घातलं, आणि वर्ष संपताना पाहिलं तर निम्म्याहून जास्त पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. शेजारणीकडे त्याचीच दोन आवृत्त्या मागची प्रत होती. एके दिवशी दोन्ही समोरासमोर ठेवली. प्रकरणं तीच, आकृत्या त्याच, फक्त प्रकरणाखालच्या प्रश्नांचे क्रमांक उलटसुलट केलेले. तिला असाइनमेंट देताना रोज कोणाला तरी विचारावं लागायचं, ‘तुझा चौदावा प्रश्न म्हणजे माझा कितवा?’ एवढाच तिचा तोटा.

ही तुलना तू स्वतः कर. अर्धा तासही लागणार नाही. नव्या आवृत्तीची प्रस्तावना काढ. या वेळी नवं काय घातलं ते लेखक तिथे अभिमानाने लिहितात. मग दोन्हींची अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि शेवटी तुमच्या सिलॅबसमधल्या दोन प्रकरणांचे प्रश्न ताडून बघ. कायदा, करप्रणाली, औषधोपचार, सॉफ्टवेअर या विषयांत जुनं पुस्तक अंगाशी येऊ शकतं, तिथे नवंच घ्यावं. कॅल्क्युलस, मूलभूत यंत्रशास्त्र किंवा तुझं रसायन एवढ्या झपाट्याने पालटत नाही.

रसायनातही काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या मात्र माहीत असू देत. 2016 च्या नोव्हेंबरात 113, 115, 117 आणि 118 या मूलद्रव्यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसन ही नावं मिळाली. त्याआधीच्या आवर्तसारणीत त्या चौकटींत तीन अक्षरांची तात्पुरती चिन्हं दिसतील. आणि 20 मे 2019 पासून मोलची, म्हणजे रसायनात कण मोजायच्या एककाची, व्याख्या बदलली. जुन्या पुस्तकात ‘12 ग्रॅम कार्बन-12 मधल्या अणूंइतके कण’ असं असेल, आता 6.02214076 × 10²³ ही संख्याच नेमकी ठरवून दिली आहे. किलोग्रॅम आणि केल्विनच्या व्याख्याही त्याच दिवशी बदलल्या. एका कागदावर हे लिहून जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानाला चिकटव. पहिल्या वर्षापुरता बहुतेक प्रश्न त्यात मिटेल.

सेंद्रिय रसायन यादीत असेल तर तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. जॉन मॅकमरी यांचं ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ 1984 पासून आवृत्तीमागून आवृत्ती विकलं गेलेलं, नावाजलेलं आणि महागडं पुस्तक. त्यांचा मुलगा पीटर 2019 साली सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराने गेला. त्याच्या स्मरणार्थ मॅकमरींनी दहावी आवृत्ती 2023 मध्ये ओपनस्टॅक्सवरून सर्वांना मोफत खुली केली. ओपनस्टॅक्स हा अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा मोफत पाठ्यपुस्तकांचा प्रकल्प, 2012 पासून त्यांची पहिली पुस्तकं येऊ लागली. सामान्य रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सगळी पूर्ण पाठ्यपुस्तकं, पीडीएफसकट, पैसे न भरता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधून सुरू झालेल्या लिब्रेटेक्स्ट्स या तशाच मोफत वेबसाइटवर तर रसायनाचा भाग फार मोठा आहे, कारण त्याची सुरुवातच रसायनापासून झाली. ही चोरून चढवलेली पुस्तकं नव्हेत. वाचा, उतरवून घ्या, छापा, वाटा अशी परवानगी लेखकांनीच दिलेली आहे.

चोरून चढवलेल्यांचंही बोलू. सिनिअर तुला लिंक पाठवतील, कदाचित आधीच पाठवली असेल. ते बेकायदा आहे, मी त्याची शिफारस करणार नाही. पण ज्या पोरांना यादी हातात देऊन वाऱ्यावर सोडलं जातं त्यांनाच चोर म्हणून भाषण द्यायलाही माझी जीभ उचलत नाही. मोफत आणि कायदेशीर असं आधी धुंडाळ. बऱ्याचदा पुढे जायची गरजच पडत नाही.

तुझं खरं दुखणं आहे तो कोड. छापील पुस्तक एकदा घेतलं की तुझं झालं. वर्ष संपलं की ज्युनिअरला विकता येतं. यावरून एक खटला झाला होता. थायलंडहून अमेरिकेत गणित शिकायला गेलेल्या एका मुलाने घरच्यांकरवी तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय सहा विरुद्ध तीन अशा मतांनी त्याच्या बाजूने उभं राहिलं: कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली की ती पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा. (तू असला धंदा काढू नकोस, देशोदेशीचे कायदे वेगळे असतात.) कोडचं तसं नाही. तो एकदाच चालतो, मुदत संपली की बंद पडतो, आणि जुन्या पुस्तकातला वापरलेला कोड म्हणजे वापरलेलं तिकीट. म्हणून त्याच विषयाचं जुनं पुस्तक डोळे झाकून घेऊ नकोस. आधी बघ, नुसता कोड सुटा मिळतो का. पुष्कळदा मिळतो, पुस्तकासह घेण्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि त्यातच ई-पुस्तक असतं. काही वेबसाइट सुरुवातीचे काही दिवस कोडशिवायही चालू देतात.

आणि आता सरांकडे जायचं. वर्गात नाही, तास संपल्यावर दारातही नाही. तिथे दहाजण उभे असतात आणि तुझा आवाज बसेल. ते एकटे असतील अशी वेळ मागून घे. ‘पुस्तकं परवडत नाहीत’ एवढंच सांगशील तर ते हळहळतील आणि विषय तिथेच संपेल. त्यांना उत्तर देता येईल असं विचार. मी तुझ्या जागी असते तर असं लिहून दिलं असतं:

‘सर, सहाही पुस्तकं घेणं मला या सेमिस्टरला शक्य नाही, म्हणून तीन गोष्टी विचारते. या सेमिस्टरमध्ये या पुस्तकातली नेमकी कोणती प्रकरणं होणार आहेत? मी आधीची आवृत्ती ताडून पाहिली, ती प्रकरणं तीच आहेत, तर ती वापरली तर चालेल का? आणि वेबसाइटवरच्या असाइनमेंट मला कागदावर लिहून देता येतील का?’

तिसऱ्याला ‘नाही’ म्हणतील कदाचित. पहिल्या दोनांना ‘नाही’ म्हणायला फारसं कारण नाही, आणि त्यांच्या टेबलावर जी भेट प्रत पडून असते ती लायब्ररीत ठेवायची आठवणही त्यांना तेव्हाच होऊ शकते. असं झालेलं मी पाहिलंय. सर अगदीच तुसडेपणाने वागले, तर विभागप्रमुख आहेत. तिथे तीच चिठ्ठी ने, एक शब्दही न बदलता.

लायब्ररीतलं पुस्तक घरी देत नाहीत हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. उलट, कोणीच घरी नेऊ शकत नाही म्हणून तर ते तुला दर वेळी जागेवर सापडतं. ग्रंथपालांशी ओळख कर. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारे रंगनाथन आधी गणिताचे शिक्षक होते, नंतर ग्रंथपाल झाले. 1931 मध्ये त्यांनी लिहिलेला पहिला सिद्धांत एवढाच आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ग्रंथपालांना विचार, यादीतल्या पुस्तकांच्या प्रती खरेदीसाठी सुचवता येतात का, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतात का. विद्यार्थी हे विचारतच नाहीत आणि मग खरेदीची यादी विद्यार्थ्यांना न विचारता ठरते.

तुझ्या मोबाइलमधल्या त्या शेकडो फोटोंबद्दलही बोलते. पानाचा फोटो काढला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पुन्हा पुन्हा वाचल्यावरही तसंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोग केला. एका गटाने उतारा परत परत वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्याने दुसरा बराच पुढे गेला. गंमत म्हणजे आपल्याला सगळं लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुझ्याकडे पुस्तक नाही, वेळही नाही. मग लायब्ररीत एक तास वाच आणि शिकवणीला जाताना मनात जुळव, रात्री अर्धं पान लिही. त्या वेळी पुस्तक जवळ नसण्याने तुझं काहीच बिघडत नाही.

दोन शिकवण्यांपैकी जी लांबची आहे ती परीक्षेच्या महिन्यापुरती तरी सोड.

बाबांना यादी दाखव. पैसे माग असं म्हणत नाही. ‘सहापैकी एक घेतलंय, तीन मला फुकट मिळतायत, एक जुनं घेते, एकाचं सरांना विचारलंय’ असं सांगून दाखव. फी भरताना ज्यांची ओढाताण झाली त्यांना मुलगी मागच्या बाकावर बसते हे उद्या दुसऱ्याकडून कळलं, तर ते त्यांना पैशांपेक्षा जास्त लागेल.

राहिलं ते जाड पुस्तक. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली ते ज्याच्यामुळे तुला कळलं नाही, ते. त्याचं नाव तू लिहिलेलं नाहीस, आणि ते यादीत आहे की नाही हेही नाही. मला कळव. यादीत नसलं तरी, सिनिअरकडे जुनी प्रत मिळाली तर या वर्षीचं दुसरं पुस्तक म्हणून तेच घे.