शांघायच्या ग्रंथालयात एक वर्ष : मुलीला सोबत न्यावे का?

ग्रंथपालांच्या देवाणघेवाण योजनेतून शांघायच्या एका विद्यापीठ ग्रंथालयात वर्षभरासाठी जावे का, आणि दुसरीत जाणाऱ्या मुलीला सोबत न्यावे का, असे आपण विचारले आहे. व्हिसा, विमा आणि भत्ता यांविषयी वकिलातीच्या व विद्यापीठाच्या पत्रकांत सगळे दिलेले असते. ते मी पुन्हा लिहीत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मीही साताऱ्याच्या एका महाविद्यालयातून अशाच योजनेत, अशाच वयाची मुलगी घेऊन, एका वर्षासाठी येथे आले आणि अजून येथेच आहे. आपला प्रश्न वाचून दोन दिवस स्वस्थ बसवले नाही, म्हणून हे उत्तर.

आधी कामाविषयी. परीक्षेपुरते पाठ केलेले भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन निघण्यापूर्वी पुन्हा एकदा नीट वाचा. वर्गीकरण विभागाच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मला रंगनाथनांच्या कोलन वर्गीकरणातील पैलूंविषयी, म्हणजे विषयाच्या घटकांविषयी, विचारले आणि १९३३ सालची ही पद्धत तुमच्याकडे किती ग्रंथालये वापरतात, अशी चौकशी केली. आमच्या कपाटांवर अमेरिकन ड्यूईची दशांश पद्धतच आहे, हे सांगताना मला जी शरम वाटली ती आपल्याला वाटू नये. त्यांचे स्वतःचे चिनी ग्रंथालय वर्गीकरण प्रथम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोमन अक्षरांचे बावीस मुख्य वर्ग आहेत आणि पहिल्याच अक्षरावर मार्क्स, लेनिन व माओ बसलेले आहेत. साहित्याचे अक्षर ‘आय’ आणि भारताचा अंक ३५१. मराठी असो, तमिळ असो की टागोरांची बंगाली असो, सगळे आय ३५१ वर एकाच फळीत उभे राहते. उभी नोकरी ८९१.४६ हा ड्यूईतला मराठी साहित्याचा अंक लिहिण्यात गेलेल्या माझ्यासारखीला आपल्या भाषेला स्वतंत्र अंक नाही, हे पचायला महिना लागला. पुस्तकांच्या संगणकीय नोंदी सीएनमार्क या चिनी नमुन्यात होतात आणि तेथे ग्रंथनाम २०० क्रमांकाच्या क्षेत्रात जाते. माझा हात मात्र दिवाळीपर्यंत आपल्या सवयीच्या मार्क नमुन्यातील २४५ कडेच वळत होता. जेवण साडेअकराला होते, त्यानंतर दिवे मालवून कपाटांमागून घडीच्या खाटा निघतात. आपल्यालाही एक खाट देतील. संकोच करू नका.

कागदपत्रांत मला सर्वाधिक छळले ते माझ्या नावाने. पदवी माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने, आणि मध्ये एकीकडे वडील तर दुसरीकडे नवरा. पदवीवर राज्य, केंद्र आणि वकिलात असे तीन शिक्के मिळवताना प्रत्येक खिडकीवर ही बाई तीच कशावरून, हा प्रश्न आला. येथे पोहोचल्यावर पोलिसांच्या नोंदीत आडनाव आधी, बँकेत शेवटी आणि वेतनपत्रकात मधले नाव गायब, अशी तीन रूपे तयार झाली व पहिले दोन महिने वेतन जमाच होईना. दिवसभर मी लेखकांच्या नावांची एकच अधिकृत नोंद ठरवत बसे आणि माझी स्वतःची नोंद कोणत्याच दप्तरात जुळत नसे. नावबदलाचे राजपत्र, विवाहनोंदणी दाखला आणि त्यांची साक्षांकित चिनी भाषांतरे घेऊनच निघा.

एकटेपणा येतो आणि भाषा आली की बराचसा जातो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

मुलीचे मात्र लिहायला हवे. साताऱ्यात पहिली पूर्ण केलेल्या माझ्या मुलीला येथील शाळेने, चिनी चिन्हे येत नाहीत म्हणून, पुन्हा पहिलीतच बसवले. सुरुवातीला उच्चारांसाठी रोमन अक्षरे शिकवतात. पण त्यांत ‘क्यू’चा उच्चार छ आणि ‘एक्स’चा श होतो, आणि इंग्रजी अक्षरे नुकतीच शिकलेली ती पोर रोज रडकुंडीला येई. श्रुतलेखनात चुकलेल्या मुलांची यादी बाई संध्याकाळी पालकांच्या वीचॅट गटात टाकत. त्या यादीत माझ्या मुलीचे नाव आहे, हे कळण्यासाठीही मला तो मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये घालावा लागे. पुढे पालकसभेत शाळेने मला सुचवले की, घरातले मराठी काही काळ थांबवा, मुलीचा गोंधळ होतो आहे. मी मान डोलावली. हे मला शाळेपेक्षा स्वतःविषयी अधिक सलते. मराठी पुस्तकांच्या नोंदी करण्यासाठी जिला येथे बोलावले होते, तिने घरी पोटच्या पोरीशी आधी मोडके इंग्रजी आणि नंतर त्याहून मोडके चिनी बोलायला सुरुवात केली. शाळेची अडचण वर्षभरात मिटली; मुलगी आज माझ्या चिनी बोलण्यातल्या चुका काढते. मराठी तिला समजते, पण साताऱ्यात पाटीवरून दुकानांची नावे भराभर वाचत जाणारी मुलगी आता आजीच्या पत्रातील जोडाक्षरापाशी अडखळते आणि पत्र माझ्याकडे सरकवते.

तिच्यासाठी बांधून आणलेली गोष्टींची चौदा मराठी पुस्तके मी पुढे ग्रंथालयाला देऊन टाकली. पहिल्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलेले नाव खोडून त्यावर शिक्का मारला, फळीवरची जागा सांगणारे बोधांक चिकटवले आणि आय ३५१ वर ती लावली. देवघेवीत त्यांपैकी एकही अद्याप गेलेले नाही.

मुलीला आणा किंवा आणू नका, असे मी ठामपणे सांगू शकत नाही. आणणार असाल तर घरात मराठीच बोला, शाळा काहीही म्हणो. आणि आठ-नऊ महिन्यांनी मुदतवाढीचा कागद पुढे येईल. तो घरी नेऊन तिला विचारल्याशिवाय सही करू नका. मी दुपारच्या विश्रांतीत खाटेवर बसून सही केली आणि संध्याकाळी तिला सांगितले, तेव्हा ती श्रुतलेखनाचे शब्द गिरवत होती. आजीकडे मग कधी जायचे, एवढेच तिने विचारले, तेही चिनीत.