युक्रेन युद्ध वाचायला घेतलंस ना, मग एवढं कर

रोज वाचायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. रणगाडे-ड्रोनची नावं आत्ता सोड, ती आपोआप कळतील.

आधी नकाशा. खेरसन, बाखमुत, अवदिवका ही शहरं आणि नीप्रो नदी कुठं आहे ते बघून घे. त्याशिवाय 'सैन्य पुढं सरकलं' म्हणजे किती, ते समजत नाही.

खरी गोची व्हिडिओत होते. २०१९ च्या महापुरात आपल्या सांगलीत आयर्विन पुलाचा जुना व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरत होता. मीही तो पुढं पाठवला आणि नदीकाठच्या आत्याची रात्रीची झोप उडवली. युद्धात हे रोज घडतं. व्हिडिओ कुठला आहे त्या जागेची ओळख स्वतंत्र पत्रकार कशी पटवतात ते शिक: इमारती, रस्त्याचं वळण, सावल्या, उपग्रहाचे फोटो. २०१४ ला युक्रेनवर एमएच-१७ हे मलेशियाचं प्रवासी विमान पाडणाऱ्या 'बुक' नावाच्या क्षेपणास्त्राच्या गाडीचा माग बेलिंगकॅट या इंटरनेटवरचे फोटो-व्हिडिओ तपासणाऱ्या शोधपत्रकारांच्या गटानं असाच काढला.

मृतांच्या आकड्यांवर लगेच बोलू नकोस. शत्रूचे किती मेले हे सांगणारं सैन्य तटस्थ नसतं. मीडियाझोना ही स्वतंत्र रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीची रशियन सेवा श्रद्धांजल्या, कबरी बघून रशियन सैनिकांचं एकेक नाव नोंदवतात. तो आकडा अपुरा असतो, पण प्रत्येक आकड्यामागं एक माणूस असतो. तिथून सुरुवात कर.