मार्करला ‘निर्देशक’ म्हणावं का?

निपाणीहून प्रश्न आलाय: मुलांच्या आयसीयूत डॉक्टर ‘मार्कर वाढलेत’ म्हणतात. बरं होईल की नाही याचा अंदाज देणाऱ्या अशा रक्ततपासण्यांना मराठीत ‘निर्देशक’ म्हणावं की ‘भाकीतदर्शक’?

दोन्ही नको. ‘निर्देशक’ पुण्याकडे खपेल, आपल्याकडे नाही. कन्नडमध्ये निर्देशक म्हणजे संचालक, नाहीतर सिनेमाचा दिग्दर्शक. बेळगाव-खानापूरच्या दवाखान्यात एकाच वॉर्डात दोन्ही भाषा चालतात. ‘निर्देशक वाढले’ ऐकून शेजारच्या खाटेवाल्याला साहेबांची भरती झाली असं वाटायचं. ‘सूचक’ मात्र कन्नडमध्येही याच अर्थाने चालतो. सूचक म्हटलं की सोसायटीच्या सभेत ठराव मांडणाराही आठवतो, पण तेवढं संदर्भाने निभावतं.

‘भाकीत’ मला अजिबात पटत नाही. भाकीत एकदा सांगितलं की सांगितलं. रक्तातला आकडा दर काही तासांनी हलतो, आणि डॉक्टर त्या हलण्याकडेच बघत असतात. लॅक्टेट हा रक्तातला एक घटक घ्या. एरवी ते लिटरला साधारण २ मिलिमोलच्या आत असतं. पेशींना प्राणवायू पुरेनासा झाला की चढतं. पण ॲड्रेनलिनच्या ड्रिपने चढतं, लिव्हर मंदावलं तरी साचतं. म्हणून एका चढ्या आकड्यापेक्षा उपचारानंतर ते उतरतंय का, याला जास्त किंमत. प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी या रक्ततपासण्या मुख्यतः जंतुसंसर्ग नि दाह यांबद्दल बोलतात. मूल वाचेल का, हे त्यांना एकट्याने सांगता येत नाही. मुलांचा सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं) ओळखायला २०२४ साली फिनिक्स निकष आले, त्यांतही लॅक्टेट, प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या तपासण्या, श्वास, रक्तदाब, मूल किती शुद्धीवर आहे असं सगळं मिळून गुण मोजतात.

जुन्या शब्दांच्या शौकिनांनी ‘अरिष्ट’ सुचवू नये, ही आगाऊ विनंती. आयुर्वेदात ते मरण जवळ आल्याचं लक्षण; चरकसंहितेचं इंद्रियस्थान त्यासाठीच आहे. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या आईला तो शब्द ऐकवायचा?

लेखात मी ‘धोकासूचक’ लिहीन: ‘चढतं लॅक्टेट हे धोकासूचक आहे.’ नुसता आजार ओळखायला मदत करणारा असेल तर ‘सूचक’ पुरे. आणि घरच्यांशी बोलताना ‘मार्कर’च म्हणावं, कारण डॉक्टरांच्या तोंडी तोच शब्द आहे आणि फोनवर गावाकडे तोच सांगितला जातो.