दुसऱ्या सेमची असिस्टंटशिप कर्जाच्या हिशेबात धरू नकोस

चि. ऋतुजा,

तुझी मेल वाचली. इलिनॉयमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळाला, मनापासून अभिनंदन. तुझा प्रश्न असा, की पुण्यातले कन्सल्टंट म्हणतात, "पहिली सेम संपली की असिस्टंटशिप मिळतेच." मग विद्यापीठाच्या या पगारी कामावर विसंबून कर्ज एकाच वर्षाचं काढलं तर चालेल का? सांगलीचा प्लॉट तारण ठेवायचा असल्यामुळे बाबांच्या मनात रक्कम जेवढी कमी तेवढी बरी, असं आहे.

उत्तर आधी सांगतो. मंजुरी दोन्ही वर्षांच्या पूर्ण खर्चाची घे. बँक पैसे सेमप्रमाणे टप्प्याटप्प्याने सोडते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच चढतं. असिस्टंटशिप मिळाली तर पुढचे हप्ते उचलू नकोस. नाही मिळाली तर शिक्षण अर्ध्यावर असताना बाबांना पुन्हा बँकेचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत. आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या पत्रासाठी, विद्यापीठ सहसा एका वर्षाच्या खर्चाचीच तजवीज दाखवायला सांगतं. 'एका वर्षाचं पुरे' हे बहुधा तिथूनच आलेलं आहे. व्हिसाला पुरतं ते शिक्षणाला पुरेलच असं नाही.

आता कन्सल्टंटच्या त्या 'मिळतेच' कडे येतो.

असिस्टंटशिप ही हुशारीबद्दल मिळणारी शिष्यवृत्ती नाही, नोकरी आहे. विद्यापीठाला एखादं काम करून घ्यायचं असतं आणि त्यासाठी कुणाच्या तरी खात्यात पैसे असावे लागतात. म्हणून 'माझा जीपीए चांगला आहे, मला मिळेल का?' यापेक्षा 'माझ्या कामाची गरज कुणाला आहे आणि त्याच्याकडे पैसे आहेत का?' हे विचारलंस तर उत्तर लवकर सापडेल.

टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट, शिकवण्यात मदत करणारा. टीएचे पैसे विभागाकडे असतात आणि ते येतात बीएस-बीएच्या पोरांच्या गर्दीतून. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस, जनरल केमिस्ट्री, फिजिक्सच्या लॅब, इंग्रजी निबंधलेखन, स्टॅटिस्टिक्स हे विषय कॅम्पसवरची निम्मी मुलं घेतात. प्रोफेसर शेकडो मुलांना लेक्चर देतो, मग वीस-तीस जणांच्या तुकड्या टीएंकडे जातात. त्यामुळे गणिताच्या विभागाला ढीगभर टीए लागतात आणि तिथल्या जवळपास प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याचं पोट त्यावर चालतं. कॉम्प्युटर सायन्सच्या सुरुवातीच्या कोर्सनाही गर्दी असते, पण त्या जागा आधी पीएचडीवाल्यांना जातात, कारण त्यांना प्रवेश देतानाच विभागाने चार-पाच वर्षांच्या पगाराचा शब्द दिलेला असतो. उरल्या तर एमएसला. कधी उरतात, कधी नाही.

आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट, संशोधनात मदत करणारा. आरएचे पैसे प्रोफेसरच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातून येतात आणि इथलं गणित आपल्याकडे सहसा कुणी समजावून सांगत नाही. प्रोफेसर एक आरए ठेवतो तेव्हा त्याच्या ग्रँटमधून नुसता स्टायपेंड, म्हणजे तुझा पगार, जात नाही. बहुतेक ठिकाणी आरोग्यविमा, इतर लाभ आणि ट्यूशनचा, म्हणजे विद्यापीठाच्या शिकवण्याच्या शुल्काचा, मोठा वाटा त्याच खात्यातून वळता होतो, शिवाय विद्यापीठ आपला ओव्हरहेड, म्हणजे इमारती-प्रशासनाच्या खर्चाचा वाटा, घेतं तो वेगळा. म्हणजे तुझ्या हातात जेवढे पडतात त्याच्या दुपटीच्या आसपास खर्च त्याला येऊ शकतो. त्याच्या जागी बसून बघ. तू दीड-दोन वर्षांत पदवी घेऊन सिअॅटलला नोकरीला जाणार. काम शिकायला सहा महिने, शेवटचे चार महिने इंटरव्ह्यूंच्या धावपळीत. तेवढ्याच पैशांत पाच वर्षं टिकणारा पीएचडी विद्यार्थी मिळत असताना तो तुला का घेईल? घेतात, नाही असं नाही. पण ते त्याच्या चालू प्रोजेक्टला लागणारं नेमकं कौशल्य तुझ्याकडे तयार असलं तरच.

त्यात सध्या ग्रँटचाच भरवसा कमी झालाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने ग्रँटवरचा ओव्हरहेड सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टाने ते अडवलं, पण विद्यापीठांनी धसका घेतला आणि त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी पीएचडीचे प्रवेशसुद्धा कमी झाले. पैसे आटले की पहिली कात्री एमएसच्या पोरांवर चालते. एनएसएफ या विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या नामांकित ग्रॅज्युएट फेलोशिपसारख्या गोष्टी अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांपुरत्याच असतात, त्यामुळे ती वाट आपल्याला बंद. उरतं टीए, आरए आणि तिसरं, जीए.

जीए म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, शिकवणं-संशोधन सोडून इतर कामं: लायब्ररी, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस, जिमखाना, आयटी विभाग, दुसऱ्याच एखाद्या कॉलेजचं प्रशासन. एमएसच्या मुलांना बऱ्याचदा मिळतं ते इथे, कारण इथे पीएचडीवाल्यांचा पहिला हक्क नसतो. आपली मुलं स्वतःच्या विभागाच्या दारात रांग लावून उभी राहतात आणि शेतकी कॉलेजला डेटाबेस सांभाळणारं माणूस हवं असतं त्याचा पत्ता कुणाला नसतो. विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर सगळे विभाग बघत जा. आणि एक गंमत लक्षात ठेव: हॉस्टेलमधल्या रेसिडेंट असिस्टंटलाही आरएच म्हणतात. मुलांवर लक्ष ठेवायचं, त्या बदल्यात राहणं-जेवण. वाईट काम नाही, पण ट्यूशन त्याने सुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, असिस्टंटशिपसोबत मिळणाऱ्या ट्यूशन माफीचं. नेमणूक पूर्णवेळ नोकरीच्या टक्क्यांत मोजतात. पन्नास टक्के म्हणजे आठवड्याला वीस तास. पन्नास बघून अर्धवट काही मिळालं असं वाटेल, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेम चालू असताना कॅम्पसवर वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणून आपल्यासाठी तेच पूर्ण. ही मर्यादा सगळ्या कामांची मिळून आहे. वीस तासांची टीएशिप असताना मेसमध्ये आणखी पाच तास उभं राहिलीस तर व्हिसाचा नियम मोडला. कॅम्पसबाहेर रोख पैशांवर काम करायचा विषयच नको. 'सगळेच करतात' म्हणणारा भेटेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

स्टायपेंड महिन्याचं भाडं आणि किराणा भागवतो. खरा फायदा ट्यूशन माफीचा. तुझ्याच राज्यात, अर्बाना-शॅम्पेनला, २५ ते ६७ टक्क्यांच्या नेमणुकीवर ट्यूशन माफ होते, म्हणजे आठवड्याला दहा तासांचं कामसुद्धा हजारो डॉलर वाचवतं. टेक्सासमध्ये वेगळंच: आपल्या अभ्यासक्रमाशी संबंधित काम करणाऱ्या अर्धवेळ टीए-आरएला तिथल्या रहिवाशांच्या कमी दराने ट्यूशन भरता येते, असा राज्याचा कायदाच आहे. राज्यागणिक, विद्यापीठागणिक नियम बदलतात. म्हणून ओहायोतल्या मावसभावाचा अनुभव तुझ्या उपयोगाचा नाही.

आणि इथेच तुझ्यासाठी खाचखळगा आहे. बरेच एमएस प्रोग्रॅम, विशेषतः कॉम्प्युटर, डेटा सायन्स, मॅनेजमेंटचे, 'सेल्फ-सपोर्टिंग' असतात. म्हणजे विद्यापीठाने ते कमाईसाठीच चालवलेले. अशा प्रोग्रॅमला असिस्टंटशिप मिळाली तरी ट्यूशन माफी लागू होत नाही, काही ठिकाणी तर असिस्टंटशिप घेऊच देत नाहीत. तुझ्या प्रवेशपत्रात किंवा प्रोग्रॅमच्या फीच्या पानावर हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असेल. ते शोधायच्या आधी बाकी सगळी आकडेमोड व्यर्थ.

माफी ट्यूशनची असते, फीची नाही. आरोग्यसेवा, बस, इमारतींची देखभाल, टेक्नॉलॉजी अशा नावांनी दर सेमला जी फी लागते ती बहुधा भरावीच लागते आणि ती किरकोळ नसते. आरोग्यविम्याचं काय, तो विद्यापीठ भरतं, अर्धा भरतं की तूच भरायचा, हे पत्रात बघ. बहुतेक नेमणुका नऊ महिन्यांच्या असतात, ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात पगार नाही. तेव्हा इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, लागते आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते. पहिला पगारही लगेच येत नाही. आधी सोशल सिक्युरिटी नंबर, मग बँक खातं, मग कागदपत्रं. घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी, फी हे सगळं पगाराच्या आधी येतं. दोन महिने निघतील एवढे पैसे जवळ ठेवून ये.

करातही आपल्याला थोडी सवलत आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला नॉन-रेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. २०२४ या वर्षासाठी ते १४,६०० डॉलर होतं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपातही लागत नाही. कुणी चुकून कापली तर पेरोल ऑफिसला जाऊन परत मागायची, लाजायचं नाही. माफ झालेली ट्यूशन टीए-आरएच्या बाबतीत उत्पन्नात धरत नाहीत. २०१७ मध्ये ती करपात्र करायचं एका विधेयकात घुसवलं होतं. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला आणि अंतिम कायद्यातून ते गळलं.

आता काम मिळवायचं कसं. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम इंटरेस्टेड इन युअर रिसर्च' अशी एकच मेल साठ प्रोफेसरांना पाठवायची पद्धत आहे, ती सोड. तसल्या मेल ते उघडतही नाहीत. पहिल्या सेमला ज्याच्या प्रोजेक्टमध्ये जीव रमेल अशा एका प्रोफेसरचा कोर्स घे, त्यात ए मिळव, ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन खरे प्रश्न विचार. नोव्हेंबरात त्याला पुढच्या सेमसाठी ग्रेडर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणारा, लागणार असतो आणि समोर ओळखीचा चेहरा असतो. ग्रेडरचं काम तासावर असतं, माफी नसते, पण पुष्कळांची टीएशिप त्याच पायरीवरून येते. काही प्रोफेसर आधी एक सेम बिनपगारी काम करून बघायला सांगतात. क्रेडिट मिळत असेल तर कर, नाहीतर नम्रपणे नाही म्हण. टीए व्हायचं तर इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा बऱ्याच सरकारी विद्यापीठांत द्यावी लागते, इलिनॉयमध्येही. टोफेलमधला स्पीकिंगचा गुण तिथे कामी येतो. आपल्याला इंग्रजी येतंच, पण आपण घाईघाईने बोलतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. सावकाश बोलायची सवय आतापासून कर.

टीएचं काम सोपं समजू नकोस. तुकडीला शिकवणं, ऑफिस अवर्स, उत्तरपत्रिका, परीक्षेला पहारा, आणि मध्यरात्री येणाऱ्या 'दोन मार्क का कापले?' अशा मेल. मार्कांच्या बाबतीत इथे फर्पा नावाचा, विद्यार्थ्यांची माहिती खासगी ठेवायला लावणारा १९७४ चा कायदा आहे. आपल्या कॉलेजात नोटीस बोर्डावर नावासकट यादी लागायची, तसं इथे केलंस तर गोत्यात येशील. पोराच्या आईने फोन केला तरी त्याचे मार्क सांगायचे नाहीत. आणि वीस तास म्हणजे वीसच. जास्त होऊ लागले तर नोंद ठेव आणि बोल. बऱ्याच विद्यापीठांत ग्रॅज्युएट कर्मचाऱ्यांची युनियन आहे, तुझ्यासारख्या परदेशी मुलांनाही तिचं सभासद होता येतं. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले आणि पगार वाढवून घेतले. आपल्या मुलांना व्हिसाच्या भीतीने तोंड उघडायला नको वाटतं, ते मी समजू शकतो. पण युनियनच्या ऑफिसात जाऊन नियम विचारल्याने कुणाचा व्हिसा जात नाही.

तुझ्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती, 'पीएचडीला अर्ज करून पैसे मिळवायचे आणि एमएस घेऊन बाहेर पडायचं, असं मैत्रीण म्हणते.' करणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण त्या जागेवर ज्याला खरंच संशोधन करायचं होतं असा कुणीतरी बाहेर राहिलेला असतो. पण तुला खरोखर संशोधनाची ओढ असेल तर इथे बीई नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आधी एमएस लागतच असं नाही. मग पुढच्या डिसेंबरात त्यासाठी अर्ज कर. तशा ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचा एक ठराव बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेला आहे, तेव्हा फेब्रुवारीत कुणी घाई करू लागलं तर दबू नकोस.

आता लगेच करायचं काम असं. तुझ्या प्रोग्रॅमच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल लिही. प्रोफेसरला नाही, कोऑर्डिनेटरला, सगळी खरी माहिती त्यांच्याकडे असते. विचार की या प्रोग्रॅमच्या विद्यार्थ्यांना ट्यूशन माफीची असिस्टंटशिप घेता येते का, गेल्या वर्षीच्या एमएसच्या बॅचमध्ये किती जणांना मिळाली, आणि इतर विभागांतल्या नेमणुकीवरही माफी लागू होते का. उत्तर चार-पाच दिवसांत यायला हवं. ते आलं की बाबांना घेऊन बँकेत जा, आणि मंजुरीच्या अर्जात दोन्ही वर्षांचा आकडा लिही.

– सुहासकाका