आयगेनव्हॅल्यू डावीकडे आहेत, मग मार्जिन वेगळं कशाला काढायचं?

तुम्ही विचारलंय की स्टेट फीडबॅकने (सगळ्या स्टेट मोजून त्यांवरून इनपुट ठरवून) सगळ्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे प्रतिसाद विरतो की वाढतो हे ठरवणाऱ्या संख्या, संमिश्र प्रतलाच्या डाव्या, स्थिर अर्ध्यात आणल्यावर गेन मार्जिन आणि फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी गेन किती पट आणि फेज किती अंश बदलू शकतो ते) त्यांच्यावरूनच कळायला नको का. नाही कळत. पण दोन्हींचं नातं पक्कं आहे.

एकच इनपुट धरा. क्लोज्ड लूपची मॅट्रिक्स ए − बीके; ए सिस्टिमची मॅट्रिक्स, बी इनपुटची, के फीडबॅकचा गेन. बीकेला 'म' या संख्येने गुणा आणि म 1 पासून वाढवत किंवा कमी करत न्या. एखादी आयगेनव्हॅल्यू काल्पनिक अक्षाला टेकली की तो म म्हणजे गेन मार्जिन. आता म चा मापांक 1 ठेवा, फक्त कोन वाढवा. मॅट्रिक्स संमिश्र होते, होऊ द्या. ज्या कोनाला आयगेनव्हॅल्यू अक्षावर येते तो फेज मार्जिन. नायक्विस्टच्या आलेखात (लूपचा वारंवारता-प्रतिसाद संमिश्र प्रतलावर काढलेला) −1 गाठणं ते हेच.

मी फळ्यावर नेहमी उलट्या पेंड्युलमचं उदाहरण घेतो. साधारण 10 सेंटीमीटर लांबी, समीकरण: त्वरण = 100 × कोन + इनपुट. दोन्ही आयगेनव्हॅल्यू −1 वर हव्यात म्हणून के = [101, 2] घेतला. दिसायला छान, जराही दोलन नाही. पण गेन फक्त 1 टक्का घसरला की 101 चे 99.99 होतात, 100 ला पुरे पडत नाहीत आणि पेंड्युलम आडवा. फेज मार्जिन जेमतेम 1.1 अंश! याउलट साध्या सर्व्होचं लूप, 1 भागिले एस(एस+2), घ्या (एस हा लाप्लास चल). क्लोज्ड लूपच्या आयगेनव्हॅल्यू त्याच, −1 आणि −1. तिथे फेज मार्जिन 76 अंश, आणि गेन कितीही वाढवा.

डॅम्पिंग गुणोत्तर (दोलनं किती लवकर विरतात याचं माप) गुणिले 100 म्हणजे फेज मार्जिन, हा नियम ठरावीक द्वितीय क्रमाच्या लूपपुरता, तोही गुणोत्तर 0.6 च्या आत असेपर्यंत.

त्याच पेंड्युलमला किमान ऊर्जेचा एलक्यूआर (ठरवलेला खर्च किमान करणारा स्टेट फीडबॅक) लावा. +10 ची आयगेनव्हॅल्यू आरशातल्यासारखी −10 वर येते, के = [200, 20]. आता गेन निम्म्यापर्यंत घसरला तरी चालतं, फेज मार्जिन बरोबर 60 अंश. एलक्यूआर हमी देतो ती एवढीच, आणि इथे ती काठोकाठ भरते. मला हे गणित फार आवडतं.

मात्र सगळ्या स्टेट मोजता येत नाहीत म्हणून कालमन फिल्टर (मोजमापांवरून स्टेटचा अंदाज बांधणारा) जोडलात, तर ती हमी उरत नाही. नियंत्रण-सिद्धांताचे अभ्यासक जॉन डॉयल यांनी 1978 मध्ये ते दाखवलं. तेव्हा फिल्टरसकट पूर्ण मॅट्रिक्स मांडा, म प्लांटच्या (नियंत्रित करायच्या यंत्रणेच्या) इनपुटवर लावा आणि मार्जिन पुन्हा काढा.