गुलमंडीतल्या जुन्या कापड दुकानावरची लाल पाटी खऱ्या निऑनची आहे की एलईडीची, हे खालून पाहून कसे ओळखावे?

पाटी दिवसा, बंद असताना पाहावी: खऱ्या निऑनची असेल तर अक्षरे पोकळ काचेच्या नळीला वाकवून घडवलेली दिसतात आणि एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारा नळीचा भाग काळ्या रंगाने झाकलेला असतो. एलईडीची पट्टी मात्र दुधाळ, रबरासारखी असते व ठरावीक खुणांवर कापता येत असल्याने तिला असा काळा जोड लागत नाही. निऑन वायू मुळातच नारिंगी-लाल उजळतो, म्हणून लाल नळीची काच बहुधा साधी, पारदर्शक असते. नळीच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड (वीज आत नेणारे धातूचे भाग) असतात आणि पाटीमागच्या ट्रान्सफॉर्मरमधून त्यांना काही हजार व्होल्टचा दाब मिळतो, तेव्हा तपासण्यासाठी शिडी लावून हात घालू नये. एक अपवाद ध्यानात ठेवावा: नळी काचेची असूनही प्रकाश निळा असेल, तर आत निऑन नसून सहसा आर्गॉन वायू आणि थोडा पारा असतो, जरी बाजारात तिलाही निऑनच म्हणतात. आत पारा असल्याने अशी नळी फुटल्यास काचा उघड्या हातांनी गोळा करू नयेत.