गाणं एफएमवर लागेल हो, पण नाव कुणाचं घेणार ते आधी विचारा

तुम्ही विचारलंय की आम्ही तिघा मित्रांनी मराठीत स्वतःची गाणी केलीत, यूट्यूबवर कोण बघत नाही, तर एफएमवर गाणं कसं लावून घ्यायचं आणि रेडिओचा आता काही उपयोग तरी होतो का.

सगळे सांगतील की आरजेला इन्स्टावर मेसेज टाका. टाका, पण त्याच्या हातात काही नसतं. खासगी एफएमवर कुठलं गाणं किती वाजता लागणार ही यादी म्युझिक मॅनेजर सॉफ्टवेअरवर लावतो, तीही बऱ्याचदा हेड ऑफिसात बसून. आरजे बिचारा दोन गाण्यांच्या मधे बोलतो. त्याला तुमचं गाणं कितीही आवडलं तरी तो ते यादीत घुसवू शकत नाही. तो फार तर तुम्हाला 'लोकल टॅलेंट' म्हणून बोलावेल, आणि तिथंच माझं डोकं फिरतं.

मी गाणी लिहिते. नोकरी वेगळी आहे, पण लिहिणं कॉलेजपासून चालूय. आमचं गाव इचलकरंजी, माझी आत्या कित्येक वर्षं मागावर कांड्या भरायची, तिच्या रात्रपाळीवर मी एक गाणं लिहिलं. 'धोटा पळतो हिकडनं तिकडं, रात काही सरंना' असा मुखडा (धोटा म्हणजे मागात सूत घेऊन इकडनं तिकडं पळतो तो). मामेभावाने चाल लावली नि त्यानेच गायलं (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो). मागाचा खटाखट आवाज आम्ही शेजारच्या शेडमधनं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला आणि दादाने तो तालाखाली असा काय बसवला की ढोलकी काढूनच टाकली. दादाचं कौतुक मी करते, पुढे जे लिहिणारे ते वाचून तो फुगून बसेल म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तर एका खासगी स्टेशनवरनं बोलावणं आलं. नाव घेत नाही. स्टुडिओ एवढासा, एसीने गारठलेला, पाहुण्यासाठी हेडफोन एकच, तो अर्थातच दादाच्या डोक्यावर. आरजे पोरगा गोड होता, त्याच्याबद्दल राग नाही. पहिला प्रश्न काय, तर रस्सा तांबडा की पांढरा. मग गर्लफ्रेंड आहे का. मग गाणं लावलं, पहिलं कडवं सुरू होतंय तोवर खाली घेतलं नि त्यावरच बोलायला लागला. शेवटी दादाला म्हणाला एखादं हिंदी होऊन जाऊ दे, दादाने दोन ओळी म्हटल्यापण. आणि मी? 'यांच्यासोबत यांची बहीणही आलीय, हाय ताई!' बास. मी माइककडे वाकले तोवर माइकचा आवाज खाली आणि जाहिरात सुरू, एका सोन्याच्या दुकानाची.

घरी आलो तर गल्लीतले लोक दादाला सांगतायत, काय लिहिलंयस रे, आमच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं. दादाने हसून थँक्यू म्हटलं. रात्री आमचं जे भांडण झालं ते आजतागायत चालू आहे. त्याचं म्हणणं, अगं गाणं वाजलं हे काय कमी आहे, एक्स्पोजर मिळालं ना. माझं म्हणणं, कुणाला मिळालं?

आता तुमच्या कामाचं. रेडिओवर गाणं न्यायचा सरळ दरवाजा अजूनही आकाशवाणीचाच आहे, आणि तो तुमच्या पिढीला माहीतच नसतो. जवळच्या केंद्रावर जायचं, सुगम संगीत किंवा लोकसंगीताच्या ऑडिशनचा फॉर्म भरायचा. आमच्याकडे सांगली आहे, कोल्हापूर आहे, तुमच्याकडेही असेलच एखादं. रेकॉर्डिंग परीक्षकांकडे नाव झाकून जातं, त्यामुळे तुम्ही कुणाचे कोण याला तिथं अर्थ नसतो. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा ग्रेड असतात. बी मिळाली तरी तुम्हाला रेकॉर्डिंगला बोलावतात आणि त्याचे पैसे देतात, मोठे नाहीत पण देतात. गीतकारालासुद्धा तिथं वेगळी मान्यता असते हे मला फार उशिरा कळलं. रिव्हर्ब, ऑटोट्यून सगळं घरी ठेवून जा, तबला-पेटीवर उघडं गाता आलं पाहिजे. वेळ लागतो, सरकारी काम आहे, पहिल्या फेरीत नापास होणारे चांगले चांगले आहेत.

दादाला बी ग्रेड मिळाली. आणि आमचं एक दुसरं गाणं आकाशवाणीवर लागलं तेव्हा निवेदिकेने आधी माझं नाव घेतलं, मग संगीत आणि स्वर म्हणून दादाचं, आणि मग गाणं पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत. ऐकणारे कमी असतील, पण लग्नाच्या सुपारीपासून गणपतीतल्या कार्यक्रमापर्यंत दादाला जी कामं मिळाली ती 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' या पोस्टरवरच्या ओळीवर मिळाली, त्या तांबड्या-पांढऱ्यावर नाही. हे तो मान्य करत नाही.

पुणे केंद्राने १९५५ साली गीतरामायण सुरू केलं, वर्षाहून थोडं जास्तच, दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. ज्यांच्या घरी कधी पुस्तक आलं नाही त्यांनाही गदिमा कोण ते माहीत होतं, बाबूजी कोण ते माहीत होतं. आज रील्सवर कोटी व्ह्यूज गेलेल्या मराठी गाण्याचा गीतकार विचारा कुणाला, बघा काय सांगतात.

आणि नाव घेणं ही मेहेरबानी नाहीये. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली त्यात कलम ३१-ड आलं, त्याप्रमाणे वैधानिक परवान्यावर (म्हणजे मालकाशी वेगळा करार न करता, ठरवून दिलेली रॉयल्टी भरून) गाणं वाजवणाऱ्या प्रक्षेपकाने लेखक-संगीतकाराची आणि मुख्य कलाकारांची नावं प्रसारणासोबत जाहीर करायची असतात. स्टेशनने म्युझिक कंपनीशी थेट करार केला असेल तर मामला वेगळा, आणि मी वकील नाही, पण हे वाक्य दादाला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्याने विषय बदलला. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्कही दिला, जो कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. तेव्हा आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, तिघांपैकी जो लिहितो आणि जो चाल लावतो त्या दोघांनी घ्या, नुसत्या गाणाऱ्याने नाही.

कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या भागापुरतं चालवलेलं छोटं स्टेशन, विसरू नका. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळायला लागले. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. १०० वॅटची ताकद म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज जात नाही, पण निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर केलेले असावे लागतात, त्यामुळे त्यांना तुमच्यासारखी माणसं हवी असतात. फोन करा, जाऊन भेटा, पेनड्राइव्हवर डब्ल्यूएव्ही फाइल न्या आणि एका कागदावर गीत-संगीत-स्वर नीट टाइप करून द्या. व्हॉट्सअॅपवर आलेली एमपीथ्री कोण उघडत नाही.

एक राहिलं. तुमचं गाणं गिटार-ड्रम्सवालं असेल तर सुगम संगीताच्या ऑडिशनला ते जसंच्या तसं बसणार नाही, आणि नुसते व्ह्यूज पाहिजे असतील तर मी वर लिहिलेल्यातलं काहीच उपयोगाचं नाही, सरळ रील्स करा. खासगी एफएमवाल्यांनी बोलावलं तरी जा, नको कशाला म्हणायचं, फक्त जायच्या आधी विचारा की गाणं किती वेळ लावणार आणि नावं कोण कोण घेणार. तिघंही जा, तिघांना हेडफोन मागा.

दादाने गेल्या आठवड्यात नवं गाणं यूट्यूबवर टाकलंय, शब्द माझेच. डिस्क्रिप्शनमध्ये मिक्सिंग कुणाचं, थंबनेल कुणाचं, ड्रोन कुणाचा, सगळं आहे. फोन केला तर म्हणाला अगं राहिलं, संध्याकाळी अॅड करतो. आत्ता हे लिहिता लिहिता परत बघून आले, अजून केलेलं नाही.